पाठ

त्याचा चेहरा आमच्यापैकी कुणालाच नीट आठवत नाही.
एकोणतीस वर्षं तो स्टेजवर उभा राहिला
आमच्याकडे पाठ करून,
ड्रमवाल्याच्या उजव्या पायावर नजर ठेवून,
शेगडीवरच्या दुधावर ठेवावी तशी.
त्याची पाठ आम्हाला पाठ होती:
पट्ट्याच्या ओझ्यानं उतरलेला डावा खांदा,
शर्टावर घाम,
पहिल्या गाण्यात बेटाएवढा,
शेवटच्या गाण्यात खंडाएवढा.

ऑल्विन ट्रँटर गेला. मंगळवारी पहाटे,
इथंच, ग्रिम्सबीच्या इस्पितळात.
पेपरनं फोटो छापला तोही गायकाचा,
कडेला एक कोपर. तेवढा तो.
मॉरीननं ते कोपर कापून
चिप्सच्या दुकानात काचेवर डकवलंय,
व्हिनेगरच्या बाटल्यांच्या वर.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय?
ती म्हणते, ऑल्विन.
आणि मीठ जरा जास्तच पडतं.

रविवारी आम्ही जमलो
बर्फाच्या बंद कारखान्यापाशी,
जिथं ते पहिल्यांदा वाजले, बेचाळीस माणसांपुढं.
(मी त्या बेचाळिसांत होतो असं सांगणारी
तीनशे माणसं तरी मला माहीत आहेत.)
मी नव्हतो.
मी शेजारच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीला,
फोर्कलिफ्टवर, हॅडॉकच्या पेट्या रचत.
ऐकू काहीच आलं नाही.
पेट्यांवरचा बर्फ तेवढा
आपापल्या जागेवरून किंचित सरकला.
काँप्रेसर बिघडला म्हणून मी फोरमनला उठवलं,
त्यानं भिंतीला कान लावला
आणि मला शिवी दिली
आणि कान काढला नाही.

डेरिल आला होता,
ज्यानं मोटरसायकल विकून चार तारांचं ते धूड घेतलं
आणि ज्याला ते कधीच वाजवता आलं नाही.
रूबेन आला होता, सतरा वर्षांचा.
तो जन्मला तेव्हा बँड मोडून सहा वर्षं झाली होती.
हात कोटाच्या खिशात,
पण खिसा आतून चालत होता,
दोन बोटं, आळीपाळीनं, न थांबता.

आणि ग्लेनिस आली, पिवळा फुगा घेऊन.
दुखवट्याला फुगा?
वाढदिवस नाहीये, बाई, डेरिल पुटपुटला.
ती ओठ वाचते. तिनं तेही वाचलं.

जुन्या लोकांनी त्याला गप्प केलं.
जन्मापासून बहिरी ग्लेनिस
प्रत्येक कार्यक्रमात तिसऱ्या खांबाशी असायची,
दोन्ही तळव्यांत फुगा धरून.
तिनं एकदा मला बियरच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं होतं:
'पुढचा तो कोण? माशासारखं तोंड उघडतो, मिटतो.
या बँडमध्ये एकच माणूस आहे.'

कुणीतरी गाडीच्या बॅटरीवर अँप्लिफायर लावला.
रेकॉर्ड ओरखडलेली, वारा खाडीवरचा,
निम्मं गाणं वाऱ्यानंच नेलं.
फुगा हातोहात फिरला.
माझ्याकडे आला तेव्हा
गायक थांबला होता, गिटार थांबली होती,
आणि त्या पातळ रबराखाली
कुणीतरी खर्जात चालत होतं,
घाईत नाही,
घरी सगळे झोपलेत हे माहीत असल्यासारखं.
मी फुगा जरा जास्तच वेळ धरला.
रूबेननं कोपरानं ढोसलं तेव्हा दिला.

बोललं कुणीच नाही.
सगळ्यांची तोंडं अँप्लिफायरकडे.
रस्त्यावरून गेलेल्यांना
आमच्या पाठीच तेवढ्या दिसल्या असतील.

परतताना ग्लेनिस बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर.
फुगा मांडीवर, दोन्ही तळवे फुग्यावर.
ड्रायव्हरनं किल्ली फिरवली,
डिझेलचं इंजिन धडधडलं,
आणि तिनं हात
चटकन काढून घेतले.