रुमालाखाली

तीन पत्रं आली: लीड्स, हॅलिफॅक्स, ड्रेस्डेन.
मी तक्ता केला. फी, भाडं, थंडी, कर्जाचा हप्ता.
अण्णांनी तो चष्म्याविनाच घडी घालून ठेवला
आणि खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला,
सांगलीच्या हळदपेठेत सौद्याला टाकतात तसा.

चाळीस वर्षं ही बोटं
भाव बोलत आली, तोंड मिटून.

"एक म्हणजे पहिलं पत्र. दाब."

आत ऊब. नखांतली थोडी पिवळी पूड.
मी तीन दाबली.

बराच वेळ काहीच नाही.
मग त्यांनी माझी चार बोटं धरली,
हलकेच.

चौथं पत्र तर आलंच नव्हतं.
चौथं म्हणजे विश्रामबागेतलं कॉलेज,
सायकलवर अकरा मिनिटं.

पहिल्या बोलीला सौदा ठरत नसतो,
हे त्यांनीच शिकवलेलं.

मी पुन्हा तीन दाबली.