चार बोटं कमी

अकरा वर्षं घडीत निजलेलं हूड
मे महिन्यातल्या एका दुपारी उघडलं, तर
काचेच्या चौकटीपर्यंत पोचेना.
चार बोटं कमी.
आम्ही दोघी बहिणींनी दोन्हीकडून धरून ओढलं,
ट्रॅक्टरवरच्या ताडपत्रीसारखं.

"ओढू नोका!" फाटकातूनच ओरडले उकंडराव ढेंगे,
सायकलच्या कॅरिअरला शिलाई मशीनचं मुंडकं बांधून
मोर्शीहून आलेले.
"शिवन उसवन, अन् मंग मले बोलसान."

मॉरिस मायनर. बाबांनी ती कोळशाच्या खाणीतल्या
कुण्या साहेबाकडून घेतली तेव्हा
गुरांच्या डॉक्टरला उघडी गाडी कशाला, असं
सगळं गाव विचारत होतं.
बाबा सांगायचे,
बंद गाडीत वासराला उभं राहता येत नाही.

हूडला डावीकडे ठिगळ आहे, शिंगाचं.
लस टोचून घेतलेल्या एका गोऱ्ह्यानं
डॉक्टरवरचा राग कापडावर काढला होता.
उकंडरावांनी त्यावर अंगठा फिरवला,
टाके मोजले, जरा थांबले.
"आमच्या बुढ्याचा हात हाये हा.
आतून लावलं, मेनाच्या दोऱ्यानं, म्हनून टिकलं.
बाहीरून लावलं असतं तं टाका सडला असता."

मग ते सांगत गेले,
मी संत्र्याच्या रिकाम्या पेटीवर बसून ऐकत गेले.
ओलं असताना घडी घालायची नाही,
बुरशी घडीतच जन्मते, ठिपक्याठिपक्यांनी.
सोडा नको. रिठ्याचं पाणी, मऊ ब्रश,
तोही विणीच्या दिशेनं.
मागची प्लास्टिकची खिडकी
पौषातल्या सकाळी दुमडायची नाही, तडकते.
घडीत जुनं लुगडं घालायचं, सुतीच.
बिजागरीला तेलाचा एकच थेंब;
दुसरा कापड पितं.
आणि घरात कापूस भरला असेल तेव्हा रोज पाहायचं,
उंदराला हूड आणि गादी यांतला फरक कळत नाही.

"पण आखडलं कशानं?"
"निजून राह्यलं म्हनून. कापड हाये ते, बाई.
हूड पाडून फिरा ना, कोन नाही म्हनते?
पन घरी आलं का तानून लावा.
तानलेलं राह्यलं तं लांबीत राह्यते."

बाबा खाटेवरून म्हणाले,
"मी कधी लावलंच नाही.
पाऊस आला की वेग वाढवायचो.
चाळीसच्या वर गेलं की पाणी डोक्यावरून मागं जातं."
"अन् समोर म्हशी आल्या तं?"
"तर भिजायचो.
पेशंटला हॉर्न कसा मारणार?"

गाडी ढकलत उन्हात आणली.
सत्तेचाळीस डिग्री, अख्खं गाव दारं लावून बसलेलं,
आणि आम्ही मुद्दाम उन्हात.
कापड तापत गेलं.
उकंडराव आत शिरून
उघड्या पंजानं ते वर, पुढे सरकवत राहिले;
जोर न लावता, थांबत,
कापडानं कबूल करायची वाट पाहत.
तीन वाजता तीन बोटं.
पाच वाजता दोन.
"आज इतकंच. शुक्रवारी येतो.
तवरीक हे सुतळी सोडू नोका, अन् कोनी हुशारी करू नोका."
पैसेही शुक्रवारीच घेईन म्हणाले,
चहा मात्र दोनदा घेतला.

रात्री बाबांना धरून गाडीत बसवलं.
स्टेअरिंगवर हात ठेवून ते गप्प बसले.
मोतीबिंदूच्या डोळ्यांना काच दिसत नव्हती,
मग बोटांनी चाचपून
समोरची दोन बोटांची फट शोधली,
तिच्यातून येणारी गरम हवा तळव्यावर घेतली.
मग डाव्या कुशीला, ठिगळाच्या जरा वर,
बोटानं टिचकी मारून कान लावला,
जसा फुगलेल्या गाईला लावायचे.
पुन्हा एकदा मारली.

"वारा नाही धरलेला," म्हणाले.
"उठेल."