आब्या, राजदूत (निवृत्त)

टांगा फाटकाशी थांबला, आणि
पनामा टोपी काखेत धरलेला
सहा फुटी गोरा म्हातारा
माझ्या आईच्या आवाजात म्हणाला,
"आगं, कडी काढ की. ऊन लई हाय."

मिशन हॉस्पिटलात पस्तीस वर्षं काढली मी,
साहेबांचं मराठी पुष्कळ ऐकलं:
पुस्तकातलं, इस्त्रीचं, "आपण कसे आहात?"
हे तसलं नव्हतं.
ह्याला चुलीच्या धुराचा वास होता.

"मी आब्या," तो म्हणाला. "सोनाक्काची."
सोनाक्काची. सोनाक्काचा नव्हे.

ऑब्री पेंडरगास्ट.
मिरज जंक्शनच्या लोको फोरमनचा मुलगा,
जन्माची नोंद आमच्याच रजिस्टरात, शाई फिकी.
सातव्या वर्षी बोटीनं शाळेला रवाना.
मग तेहरानला तिसरा सेक्रेटरी, रंगूनला दुसरा,
लिस्बनला पहिला
(आमच्यात आकडे उलटे चढतात, म्हणाला),
शेवटी एका बर्फाच्या देशात राजदूत,
जिथं राष्ट्राध्यक्ष बदलला की
जेवणाच्या टेबलावरच्या नावांच्या चिठ्ठ्या
रातोरात नव्यानं लिहाव्या लागत.

हे सगळं इंग्रजीत.
प्रत्येक वाक्याला मागं ओढायची दोरी बांधलेली.
आणि मधेच, कपाकडं बघून:
"च्या बशीत वत."

सात भाषांत त्याला अदब येत होती.
मराठीत त्याच्याकडं 'तुम्ही' नव्हतंच.
मला तू, आमच्या सिव्हिल सर्जनला तू,
स्टेशनमास्तरला "ए, हिकडं बघ."
"ह्या एकाच भाषेत," इंग्रजीत म्हणाला,
"मी सरकारसाठी कधी खोटं बोललो नाही."
आणि स्वतःसाठी?
जरा विचार करून, बारीक आवाजात:
"एकदा. गूळ म्या न्हाई खाल्ला म्हणून."

मला हसू यायला हवं होतं.

माझी आई उजाडायच्या आत बंगल्यावर जायची,
रात्रीची छोटी गाडी गेल्यावर परतायची.
मला मिळाली ती रात्रीची आई:
सुजलेले पाय, मिटलेलं तोंड, एकच शब्द, "नीज."
ती चेष्टा करते हे मला ठाऊक नव्हतं.
ती कुणाला घाबरवते, ओवी म्हणते,
खरचटलेल्यावर फुंकर घालते.
दिवसाची आई ह्याच्याकडं होती.

"आणखी काय म्हणायची?" मी विचारलं.
त्यानं टोपी खाली ठेवली.
"नाक शिंकर. गुमान बस, न्हाईतर इंजिनात घालीन.
कुठं लागलं? दाव. गेलं बघ, उडालं, कावळ्यानं नेलं."
हाताला आला तो टेंपरेचर चार्ट,
त्याच्या पाठीवर मी लिहीत गेले.
अठ्ठावन्नाव्या वर्षी लहान पोरीसारखी जळत
लिहीत गेले.

मग विचारलंच.
पत्र का नाही टाकलंस कधी? वाट बघत गेली ती.

तो इंग्रजीत बोलू लागला:
पोस्टिंग, युद्ध, बदललेले पत्ते, खेद.
लांबलचक, नीटनेटकं वाक्य होतं.
"मराठीत सांग," मी म्हटलं.

तोंड उघडलं त्यानं. मिटलं.
बाहेर टांग्याचा घोडा पाय आपटत होता.
"भ्या वाटलं," तो म्हणाला.

आणि निघताना, उंबऱ्यावर वाकून:
"मी येते."

येतो म्हणावं, ओठांवर आलं होतं माझ्या.
नाही सांगितलं.
रोज पहाटे मी गोधडीत असताना
हेच पुटपुटून ती बाहेर पडत असेल,
आणि माझ्या कानापर्यंत
ते कधी पोचलंच नसेल.

"ये," मी म्हटलं.

कडी घालताना ऐकलं.
मागच्या सीटवर एकटाच बसलेला तो
टांगेवाल्याला बजावत होता:
"दमानं हाक, बाबा.
लेकरू हाय संगं."