पालथा कप

बेरिल टनिक्लिफ चहा संपला की
कप पालथा करून बघते.
स्टोकमधली जुनी माणसं बघतातच,
हॉटेलात, लग्नात, मयताच्या घरीसुद्धा:
कुठल्या भट्टीचा, कुणाचा शिक्का.
आमच्या क्लिनिकचा कप बघून म्हणाली,
"इथला नाही गं हा,"
आणि खोकत राहिली, कप तसाच हातात धरून.

सोळाव्या वर्षापासून ती बशांच्या कडा घासायची.
सुकल्या मातीची भुकटी
केसांत, पापण्यांत, डब्यातल्या पावात.
तिच्या आधी त्याच बाकावर तिची आई.
तीही अशीच गेली, म्हणते,
जिना चढता चढता
मधल्याच पायरीवर बसून.

सहा मिनिटं चालायची चाचणी.
कॉरिडॉरच्या दोन टोकांना नारिंगी शंकू, मी घड्याळ घेऊन.
दोनशे दहा मीटर.
त्यातलं एक अख्खं मिनिट भिंतीला टेकून
ती मला इथल्या ओटकेकबद्दल सांगत होती,
थांबली असं वाटू नये म्हणून.
आमच्या घावनासारखाच असतो तो.
मी बोलले नाही.
उत्तर द्यायला तिला श्वास लागला असता.

मग जांभळ्या टोपणाची नळी, बर्फ,
सेंट्रिफ्यूज. समोरासमोर वजन सारखं हवं,
नाहीतर यंत्र थडथडतं.
वर पिवळसर पाणी येतं. त्यात शोधायचं
जे तिथे असायला नको ते:
तंतुकणिकांचे तुटके धागे,
घर पेटल्यावर नेसत्या वस्त्रांनिशी
रस्त्यावर आलेल्या माणसांसारखे.

शाळेत घोकलं होतं,
तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर. मार्क दोन.
ती आईकडूनच येते, बापाचा त्यात छदामही नसतो,
हे बाईंनी सांगितलं नाही.
ती दमते, हेही नाही.

आकडा जास्त आला.
इतका जास्त म्हणजे किती दमलेली
ते अजून कुणालाच धड माहीत नाही,
म्हणून तर हा अभ्यास.
कागदावर ती एकशे चौदा आहे.
एकशे चौदा कोण, ते मला ठाऊक असायला नको.
आहे.

पुढच्या खेपेला टेबलावर माझा डबा होता.
विचारलं नाही काही, उचलला, पालथा केला.
रिकामा होता म्हणून बरं.
बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं,
सौ. सिंधु य. तारळेकर, १२-५-८४.

"कुठला कारखाना हा?"
"माझी आई."

तिनं चष्मा चढवला.
एकेका अक्षरावरून नख फिरवलं,
जसं बशीच्या कडेवरून फिरवत असेल
कुठे काही खरखरतंय का बघायला.
"खोल कोरलंय," म्हणाली. "घासून जायचं नाही."
जरा दम घेतला.
मग सुईसाठी
आपणहून बाही वर केली.