एक वीत म्हणजे किती

ग्रामपंचायतीनं प्रोजेक्टर दिला, पडदा दिला नाही.
म्हणून पाचवीच्या भिंतीला चुना मारला
सुफियानच्या वडलांनी, एका रविवारी, फुकटात.
वरच्या कोपऱ्यातला एक पोपडा तसाच राहिला.
काहीही दाखवा, तो त्यात असतोच,
हृदयाच्या आकृतीत, सूर्यमालेत,
भाकरीच्या पाव तुकड्याशेजारी.
पोरं त्याला श्रीलंका म्हणतात.

आजचा पाठ नकाशा आणि प्रमाण.
एक सेंमी बरोबर शंभर किमी,
मी फळ्यावर लिहिलं,
वर्गानं वहीत नेऊन पुरलं.

मग माझ्या फोनचं नेट, माझ्याच दीड जीबीतलं,
लॅपटॉपला जोडलं.
उपग्रहातून आमची वस्ती
आधी धुरकट, मग चौकोन चौकोन,
मग एकदम पत्रा चमकला.
"बाई, टाकी!"
"बाई, आमची बाग, जाळी घातलीया!"
"शाळंवर काय पडलंय ओ?"
एक ठिपका होता.
हरवलेला चेंडूच तो, असं बहुमतानं ठरलं.

मागं सरकत गेले.
विटं शेंगदाण्याएवढं, कृष्णा एक दोरा,
मग महाराष्ट्र, मग देश,
आणि श्रीलंका काश्मीरच्याही वर.
"आता सांगा," म्हटलं, "घरचं माणूस कुठं कुठं?"

हा भूगोल आमच्या पुस्तकात नाही.
अर्ध्या घरांतले बाप गलाईच्या दुकानात,
दुसऱ्यांचं सोनं गाळत बसलेले.
रणधीरचे कोइमतूरला, तनिष्काचे गुवाहाटीला,
सुफियान म्हणाला, "आमचे हितंच," आणि जरा ओशाळला.
डी.एड.ला मी जी नावं चुकले होते
ती ही पोरं पिनकोडसकट म्हणतात.

एकेक जण भिंतीशी गेला.
तनिष्काच्या गालावरून बंगालचा उपसागर सरकला.
अंगठा वस्तीवर, करंगळी ताणलेली,
पाच विती आणि चार बोटं.
"बाई, एक वीत म्हणजे किती?"

अकरा वर्षं झाली मला या शाळेत.
हा प्रश्न मीच विचारायचे, मीच सोडवायचे.

पट्टी आणली. पडद्यावरची रेघ मोजली.
एका सेंमीला सत्तावीस किलोमीटर.
रणधीरची दोन वीत, म्हणजे अठ्ठावीस सेंमी.
त्यानं गुणाकार केला, हातचे धरायचे विसरला,
सहाशे सहा आले.
मी म्हटलं, "बघ परत."
सातशे छप्पन्न.
दीडशे किलोमीटर जवळ आलेले पप्पा
त्यानं लगेच खोडले नाहीत.
खोडरबर हातात धरून बसला.

तेवढ्यात ज्ञानदा मुळीक, जी बोलत नाही,
म्हणाली, "बाई, परत वस्तीत चला की."
गेलो.
तिच्या अंगणात निळा चौकोन.
"ह्यो मांडव. ताईच्या लग्नाचा."
म्हणजे चित्र तीन वर्षांपूर्वीचं.
आज तिथं गोठा आहे, ताई बार्शीला,
आणि पप्पा कोचीला, त्या दिवसानंतर
दोनदाच आलेले.

"मी हितं हाय," ती म्हणाली, "पंगतीत."
"कुठं? दिसंना की!" वर्ग उठून उभा.
"मांडव हाय न्हवं वर.
त्याच्याखाली बसलीया.
पप्पा बुंदी वाढाय लागल्यात."

कुणी हसलं नाही.
ढगामागचा सूर्य, पाण्याखालचं मूळ,
न दिसणारं दाखवायला मी किती चित्रं केली,
तिनं फक्त बोट ठेवलं.

मग पट्टी लावली तिनं निळ्या चौकोनाला.
एवढ्याशा चौकोनात किती माणसं बसली असतील,
त्याचा हिशेब तिला नको होता.
"बाई, ह्यातून ह्यात
मी आन् पप्पा किती लांब?"

खालच्या कोपऱ्यातली रेघ बदलली होती.
मी चष्मा काढून पुसला, वाकून वाचलं,
आणि तेवढ्यात नेट संपलं.

भिंतीवर राहिली श्रीलंका.
ज्ञानदा अजून तिथंच उभी,
पट्टी पांढऱ्या चुन्यावर धरून,
अंगठा शून्यापाशी.