तीन मिनिटं

माझं नाव नोलीन ट्रेगर्था. नदीकाठचा रस्ता, घर क्रमांक सतरा.
वय लिहायला फॉर्मवर जागा नव्हती, म्हणून सांगते: एकोणऐंशी.
घंटा कुणाकडे आहे? बरं. करा सुरू.

घरपट्टीचं बिल आणलंय. चष्मा नको, पाठ आहे.
कचरा, गटारं, वाचनालय त्या दुसऱ्या परिषदेकडे,
ती वेगळं बिल पाठवते, वेगळ्या रंगाचं.
तुमच्याकडे नदी, हवा, पॉसम आणि बस.

पहिली ओळ सगळ्यांना सारखी,
टेकडीवरच्या बंगल्याला जेवढी, तेवढीच मला.
दुसरी घराच्या किमतीवर.
किंमत कुणीतरी गाडीतून न उतरता ठरवतो.
मी घर विकायला काढलेलं नाही,
तरी ते दर तीन वर्षांनी महाग होतं
आणि छप्पर गळतं तिथंच.

मग बस. बस आमच्या रस्त्याला येत नाही.
क्लिफ होता तेव्हा यावर दरवर्षी बोलायचे,
तुमच्या आधीच्या अध्यक्षांना विचारा.
आज नाही बोलत.
पॉसमचे पैसे मात्र खुशाल घ्या.
टुरोआ सापळे लावतो, म्हणून माझ्या कुंपणाजवळच्या राताला
या डिसेंबरात फुलं आली. लाल. बारा वर्षांनी.

आता शेवटची ओळ. पूरबांध, वर्ग अ.
अ म्हणजे ज्याचा फायदा सगळ्यात मोठा.
वरच्या खोऱ्यातला डगल्ड वर्ग फ मध्ये,
वर्षाला दोन पावांचे पैसे भरतो.
पाऊस पडतो त्याच्या टेकडीवर, उतरतो माझ्या दारात.
पाणी त्याचं, भिंत माझी.
एक्केचाळीस वर्षं हे एवढंच वाक्य घेऊन मी इथं आले
आणि तुम्ही हसून लिहून घेतलंत.

पण ऑगस्टात
(पिवळा दिवा लागला, दिसतोय मला)
ऑगस्टात त्या रात्री नदी आली तेव्हा मी बांधावर उभी होते,
हातात थर्मास.
बांध हलला नाही.
पाणी माझ्या पायाखाली येऊन थबकलं,
बिल वाचल्यासारखं,
आणि वळलं.

पलीकडे बांध नाही. कधीच नव्हता.
पलीकडे मराए आहे, त्यांचं सभाघर, मागे जेवणघर.
तुमच्या नकाशात ती जमीन कुठल्याच वर्गात नाही.
पहाटे पिरिहिरा टुटाकी दिसली, कमरेइतक्या पाण्यात,
मागे पुतणे, नातवंडं, रांगेनं.
सभाघराच्या भिंतीवरची गेलेली माणसं,
त्यांचे फोटो डोक्यावर धरून चालले होते सगळे.
एकाही चेहऱ्याला पाणी लागू दिलं नाही.
तिनं वर पाहिलं. हात केला.
मी थर्मास उंचावला.
थर्मास!
माझे बूट कोरडे होते.

ज्याचं भिजतं त्याला कळतं म्हणतात.
मला कोरडं राहून कळलं, तेही या वयात.
वर्षाला चार हप्ते, एक चुकवला नाही, दंड ठाऊक नाही,
आणि त्यातला एकेक डॉलर
पाण्याला तिचा पत्ता सांगत होता.

हो, ऐकली घंटा. एकच वाक्य.
बिलावर आणखी एक ओळ घाला.
नाव काय द्यायचं ते तुम्ही शोधा, तुमच्याकडे माणसं आहेत.
वर्ग अ ला लावा. मला लावा.
आधी तिला विचारा मात्र,
बांध हवा, की नदीला जुनी वाट परत द्यायची.
तिच्या वतीनं बोलायला मी आलेली नाही.
हे माझ्या बिलाबद्दल आहे.

नोंद घेतली म्हणता. ती तुम्ही नेहमीच घेता.
ते बिस्किट घेऊ का एक?
टुरोआ पाचला न्यायला येतो,
आणि बस, सांगितलंच मघाशी.