लेस

रावपुऱ्यात, सेवउसळीच्या दुकानावर, दुसरा मजला.
संध्याकाळी सात ते आठ. पंखा फिरतो,
वारा मात्र खालच्या रश्श्याचा.
परमारसर फळ्यावर लिहितात, होम,
आणि त्याच्या शेपटाशी जोडतात, लेस.

मला हसू आलं.
सव्वीस वर्षं चणियाचोळीला लेस लावतेय,
कडेला बसली की मांजरपाटसुद्धा मिरवतं.

पण ही लेस वेगळी.
ही लावली की घर जातं.
हार्टला लावली, काळीज गेलं.
एंडला लावली तर शेवटच गेला!
हे मात्र आवडलं मला, दोनदा गिरवलं.

मग सर म्हणाले, चाइल्डला काय काय लागतं, लिहा.
पुढच्या बाकावरच्या हर्षिदाने माझ्याकडे पाहिलं,
आणि घाईने वहीत डोकं घातलं.

मी आधी हुड लिहिलं.
आपल्यात तिथे पण लागतं.
बाळपण, थोरपण, एकटेपण,
प्रत्येकापुढे काहीतरी सांगायचं राहिल्यासारखं.
लेस सगळ्यात शेवटी लिहिलं.
पेन इतकं दाबलं गेलं
की मागच्या पानावर वळ उठले.

हजेरीत सर म्हणतात, कुमुदिनीबेन.
माहेरी मी नुसती कुमुद होते.
बडोद्याने लावलेली ही पट्टी आता उसवत नाही,
उसवायचीही नाही.

परतताना मांडवीत थांबले. सोनेरी, दीड बोटाची.
दुकानदार म्हणाला, केटली जोईए, बेन?
ओठांवर आलं होतं, एंडलेस.
साडेचार मीटर, म्हटलं.